काकू, तुम्ही मला बसायला शिकवलंत

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवलं असतं, तर तुम्ही लगेच फोन करून म्हणाला असतात, "आभार कसले मानतेस? रोज बसतेस ना? मग झालं." म्हणून ते चारचौघांत, उघड लिहिते आहे. हे बसणं म्हणजे तुम्ही मला शिकवलेलं झेन ध्यान, जपानी बौद्ध परंपरेतलं. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दुसरंही एक कारण आहे. विसरायला लागलेलं म्हातारं माणूस घरात सांभाळणाऱ्या बायका आपल्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखादीच्या वाचनात हे यावं, असं मनापासून वाटतं.

तुम्ही माझ्या आयुष्यात आलात तेव्हा सासूबाईंचा स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला होता. आधी गॅस बंद करायचं विसरणं, मग सुरसागर तलावावरून घरी यायची वाट चुकणं, मग माणसांची नावं. संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल वाढायची. ओट्यावर बसल्या बसल्या त्या माझ्याकडे निरखून पाहायच्या आणि विचारायच्या, "तू कोण गं बाई?" मी सांगायचे, "मी तुमची सून." त्यांना ते पटायचं. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न.

लोकांना वाटायचं, त्या मला विसरल्या याचं मला दुःख आहे. ते होतंच, पण त्याहून मोठी एक भीती होती, ती फक्त तुम्हाला सांगितली. लग्न होऊन या वाड्यात आल्यापासून मी कुणाची तरी कुणीतरी होते. धाकटी सून, मुलांची आई, बँकेतल्या मॅडम. मुलं परदेशी गेली, नोकरी मी सोडली, आणि ज्यांची सून होते त्यांनाच मी कोण ते आठवेना. मग त्या प्रश्नाला माझं उत्तर काय? "खरी मी कोण आहे ते मला शोधायचंय," असं मी तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, "झोप लागते का?" मी नाही म्हटलं. "मग आधी बसायला शिक. शोधायचं पुढे बघू."

तुमच्या माडीवरच्या त्या खोलीत काहीच नव्हतं. एक भिंत, चटया आणि सावरीचा कापूस भरून मांडवीतल्या गादीवाल्याकडून शिवून घेतलेल्या गोल, टणक उशा. जपानातही या उशा सावरीच्याच कापसाच्या असतात, दबतात पण पार चपट्या होत नाहीत, हे तुम्ही किती कौतुकानं सांगितलंत! उशीच्या पुढच्या कडेवर बसायचं, दोन्ही गुडघे जमिनीला टेकवायचे, म्हणजे तीन ठिकाणी आधार मिळतो आणि पाठ आपोआप उभी राहते. माझा डावा गुडघा टेकेना, तर त्याखाली तुम्ही घडी घातलेली जुनी साडी सरकवलीत. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. पेंग आली की अंगठे खाली घसरतात, मन ओढाताण करायला लागलं की ते एकमेकांना दाबतात. शिकवणाऱ्याला नुसत्या हातांकडे बघून कळतं, कोण कुठे आहे ते.

डोळे मिटायचे नाहीत, हे मला सगळ्यात अवघड गेलं. आपल्याकडे ध्यान म्हणजे डोळे मिटून देव्हाऱ्यासमोर बसणं. तुम्ही म्हणालात, पापण्या अर्ध्या ठेव, नजर हातभर पुढे खाली सोडून दे. मिटलेस की झोपशील, नाहीतर स्वप्नं विणायला लागशील. मग श्वास मोजायचे, एक ते दहा, आणि पुन्हा एकपासून. मध्येच मोजणी चुकली तरी चिडायचं नाही, एकवर यायचं. पंचवीस मिनिटांची एक उदबत्ती संपली की उठून खोलीतच अगदी सावकाश चालायचं, एका श्वासाला अर्धं पाऊल. आणि पुन्हा बसायचं. या बसण्याला झाझेन म्हणतात आणि चालण्याला किनहिन, हे तुम्ही बऱ्याच दिवसांनी सांगितलंत. आधी मी बसावं, एवढंच तुम्हाला हवं होतं.

कितीतरी सकाळी मी तीनच्या पुढे गेले नाही. औषधांची यादी, दूधवाल्याचा हिशेब, नणंद काय बोलली, मी काय बोलायला हवं होतं. हे सगळं बंद कसं करायचं, असं विचारल्यावर तुम्ही मला आपल्याच दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात घेऊन गेलात. किती वेळा त्या फाटकावरून गेले होते, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, एवढं शाळेपासून ठाऊक होतं. सुरत काँग्रेसनंतर, 1908 च्या सुरुवातीला ते पुन्हा बडोद्यात आले आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या घरी तीन दिवस बसले, ही हकिगत तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकली. लेल्यांनी त्यांना सांगितलं की विचार बाहेरून येतात, नीट बघ आणि आत शिरण्याआधीच परतवून लाव. अरविंदांचं मन तीन दिवसांत निःशब्द झालं. मी हरखलेच. आपल्या गावात, आपल्या माणसानं शिकवलेलं! पण तुम्ही म्हणालात, "लेल्यांची वाट लेल्यांची, आणि शिष्यही तसा होता. आपण मात्र कुणाला हाकलायचं नाही आणि कुणाला धरून बसवायचंही नाही. दूधवाला आला, दूधवाला गेला. तू एक म्हण."

तुमची वाट कुठून आली, तेही तुम्ही फार थोडक्यात सांगितलंत. काका गेल्यानंतर तुम्ही कोडाईकॅनालजवळ पेरुमलमलईच्या बोधी झेंडो या झेन ध्यानकेंद्रात जाऊन राहिलात. तिथले फादर आमा सामी जेझुइट धर्मगुरू, आणि झेन शिकले जपानातल्या कामाकुराच्या यामादा कोउन या झेन गुरूंकडे. तामिळनाडूच्या डोंगरात एक ख्रिस्ती संन्यासी बुद्धाचं ध्यान शिकवतो, आणि तिथे बसायला बडोद्याची एक मराठी विधवा जाते. आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्यांनी "हे जपानी खूळ कशाला?" म्हटलं, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. त्यांना इतकंच सांगितलंत, की शामळाजीजवळ देवनी मोरीच्या स्तूपाच्या उत्खननात मिळालेली बुद्धाच्या अवशेषांची मंजूषा आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आहे. ते गप्प झाले. पुढे एकदा स्वतःहून माडीवर येऊन बसूनही गेले.

आता ती संध्याकाळ लिहिते. सासूबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "तू कोण गं बाई?" आणि माझ्या तोंडून उत्तर आलं नाही. मी अडवलं नव्हतं, ते आलंच नाही. त्यांच्या हातातल्या वाटीत लापशी होती, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत चालला होता, आणि मी त्यांच्यासमोर बसले होते. मी म्हटलं, "माहीत नाही हो." त्या एकदम खुलल्या. म्हणाल्या, "मलाही नाही!" आणि खळखळून हसल्या. इतक्या महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा एकाच बाजूला होतो. त्यांना आठवण करून द्यायचं काम मी सोडलं होतं, आणि त्यांना चुकल्याचं ओझं उरलं नव्हतं. लापशी सगळी संपली.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही बोधिधर्माची कथा सांगितलीत. भारतातून चीनमध्ये गेलेला हा भिक्षू लिआंग राजवंशाच्या सम्राट वू यांच्यासमोर उभा राहिला. इतके विहार बांधले, त्याचं पुण्य किती, असं सम्राटानं विचारलं. काहीच नाही, असं उत्तर आलं. मग माझ्यासमोर उभा असलेला तू कोण? बोधिधर्म म्हणाला, माहीत नाही. मला रडू आलं. तुम्ही मला रडू दिलंत.

पण तेवढ्यावर सोडलंही नाहीत, आणि त्यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. पुढच्या रविवारी आपण कमाटी बागेत फिरायला गेलो. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी सरायीत खोटं नाव लावून ते राहिले. एके सकाळी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांनी विचारलं, तू कोण आहेस? त्यांना तिथून निघावं लागलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी याच बागेत काढला. तुम्ही म्हणालात, "याच गावात हा प्रश्न काठी उगारूनही विचारला गेलाय. ज्याला 'तू कोण' याचं उत्तर जन्माआधीच दुसऱ्यांनी लिहून ठेवलंय, त्याला 'मी कोणीच नाही' असं शिकवायला जाऊ नकोस. तुझं 'माहीत नाही' तुझ्या उशीवरचं. ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही." झेनवर बोलणारी माणसं नंतर बरीच ऐकली, पण इतकं जबाबदारीनं बोलणारं कुणी भेटलं नाही.

घरकामाचंही तसंच. डोगेन हा जपानी भिक्षू तेराव्या शतकात चीनमधल्या मठात शिकत होता. तिथला म्हातारा आचारी टळटळीत उन्हात वाळवण घालत होता. हे दुसऱ्या कुणाला का नाही सांगत, असं डोगेननं विचारलं. आचारी म्हणाला, दुसरा म्हणजे मी नव्हे. मग इतक्या उन्हात कशाला? तर म्हणे, मग कोणत्या वेळेची वाट पाहू? सासूबाईंना आंघोळ घालताना हे मला फार आठवायचं. पाणी, साबण, त्यांची सुरकुतलेली पाठ, माझा हात. तिथे "खरी मी" शोधायला वेगळी जागा उरायचीच नाही. पण हीच गोष्ट मी स्वतःला झिजवायला वापरीन, हेही तुम्ही ओळखलंत. दुपारी त्यांच्यासाठी बाई ठेव, असा हट्ट तुम्हीच धरलात, यांच्याशी तुम्हीच बोललात. बसणं म्हणजे सोसणं नव्हे, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. घर सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला हे कुणीतरी असंच सांगायला हवं.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला आणि समामधली नणंद सगळ्या कुटुंबासह आमच्याकडे आली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुमचा फोन: "जिन्यावर बस. दहा श्वास. एवढी जागा असते." असते, काकू.

आता माझ्यात काय बदललं, ते खरं सांगते. राग येतो, पूर्वी यायचा तितकाच. आला आहे हे मात्र लवकर दिसतं. झोप लागते. कुणी काही म्हटलं की लगेच स्वतःची बाजू मांडायची जी घाई असायची, ती पुष्कळ कमी झाली आहे. माझ्या आत कुठेतरी खोल पुरलेली, शुद्ध, न बिघडलेली अशी एक मी सापडेल, या आशेनं मी तुमच्याकडे आले होते. तशी कुणी भेटली नाही. सकाळी भिंतीसमोर श्वास मोजणारी, नंतर डबे भरणारी, वाणसामानाच्या रांगेत उभी राहणारी, एवढीच आहे. ती खोटी नाही, अपुरी नाही. हे बरं वाटण्यासाठी लिहीत नाही, मला ते रोज दिसतं. ज्या दिवशी बसत नाही, त्या दिवशी दिसत नाही. म्हणून रोज बसते.

सासूबाई गेल्या त्या पहाटे तुम्ही आलात, त्यांच्या उशाशी पाठ ताठ करून बसलात आणि मला शेजारी बसवलंत. माणसं जमेपर्यंत आपण तशाच होतो. त्याबद्दल आभार मानायला शब्द नाहीत, म्हणून मानत नाही.

तुमच्या माडीच्या नव्या मालकांनी उशा माझ्याकडे पोचवल्या आहेत. आता दर गुरुवारी सकाळी आमच्याकडे शेजारच्या चौघीपाचजणी बसतात, एक गुजराती बेन आणि तिची कॉलेजातली मुलगीही येते. 8 डिसेंबर हा बुद्धाला बोध झाल्याचा दिवस म्हणून झेन मठांतून पाळतात. आदल्या आठवडाभर ते बसतात. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत बसायचं ठरवलं आहे. तुम्ही याच. त्या मुलीला मोजणीबद्दल काही विचारायचंय, आणि मला ते नीट सांगता येत नाही. तुमच्या गुडघ्यासाठी सरळ पाठीची खुर्ची आणली आहे, तिकीट मी काढते, दादांना सांगून ठेवा. येताना थंडीचे कपडे आणा, सकाळी आमच्या माडीवर गारठा असतो.

तुमची,
दांडिया बाजारातली विद्यार्थिनी