कागद वाचून दाखवायला काय हरकत होती?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वडिलांचा धाक संपला म्हणून हळहळणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकांची भाषा चांगली आहे, आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल ते जे म्हणतात ते मलाही पटतं. पण पूर्वी घर वडिलांच्या एका शब्दावर चालायचं, तसा शब्द आता घरात राहिला नाही आणि देशातही राहिला नाही, म्हणून ही सगळी बेशिस्त माजली, हे वाक्य वाचलं आणि पेपर बाजूला ठेवला. एक दिवस जाऊ दिला. राग ओसरला नाही, म्हणून लिहायला बसले.

एका शब्दावर चालणाऱ्या घरातच मी वाढले. माझे वडील वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी आम्हा भावंडांवर कधी हात उचलला नाही. मला डी.एड.ला घातलं तेही भावकीची बोलणी खाऊन. ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते. 26 जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं की संविधानावर दोन शब्द बोलायचे आणि ते अगदी मनापासून असायचे. घरात मात्र कुणाला काही विचारायची पद्धत नव्हती. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा, कुणाची सोयरीक कुठं करायची, मत कुणाला द्यायचं, हे सगळं ते जेवताना सांगून टाकत. आई तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत असे. तिचं मत काय, हे मला ते दोघं असेपर्यंत कधी कळलं नाही.

1995 साली आजोबा गेले. दिवसकार्य झालं, पाऊस लागला आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली. वडिलांनी तिन्ही आत्यांना बोलावून घेतलं. आदल्या रात्री पुरणपोळ्या झाल्या, तिघींना साड्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जीपने सगळे तालुक्याला, निबंधक कचेरीत. धाकट्या आत्याला प्रवास सोसत नाही म्हणून सोबत मीही होते. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून तयार होतं. मधली आत्या चौथी शिकलेली, सही करायची, पण ती कचेरीतली मराठी तिला कुठली लागायला! तिने कागद हातात धरला आणि म्हणाली, “दादा, काय लिहिलंय ते वाचून तरी दाखव.”

वडील म्हणाले, “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

झालं. पुढे कुणी बोललं नाही. आत्याने सही केली, मग अंगठा दिला. अंगठ्याची शाई नव्या साडीला लागू नये म्हणून व्हरांड्यातल्या भिंतीला पुसली. त्या भिंतीवर तसे निळे अंगठे पुष्कळ होते. मी ते बघत उभी होते आणि त्यातले किती बायकांचे असतील हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

तुमच्या लेखकांना मला एवढंच विचारायचं आहे की, तो कागद वाचून दाखवायला काय हरकत होती? आत्या कदाचित राजीखुशीनेच हिस्सा सोडती. माहेर तुटू नये म्हणून बायका आजही सोडतात. पण काय सोडतो आहोत ते तरी तिला कळलं असतं. आजोबांच्या वाट्याच्या जमिनीत 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिचा भावाइतकाच हक्क होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 सालीच केली होती, देशाने ती 2005 साली केली. आत्यांची लग्नं आधीच झालेली असल्याने 1994 ची दुरुस्ती त्यांना लागू नव्हती. लागू असती तरी काय झालं असतं? तोच कागद, तीच जीप. पुढे तिचे यजमान गेले, मुलगा विचारीना. तरी माहेरी तिने कधी गुंठाभर जमीन मागितली नाही. मागायला तोंड कुठं ठेवलं होतं तिला?

त्या 1995 सालीच फेब्रुवारी-मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली होती. आत्याने मत दिलं. मत कुणाला दिलंस, असं विचारायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्यालाही नव्हता. पडद्याआड ती एकटी आणि तिचा शिक्का. देशाने एवढा भरवसा टाकलेली बाई घरच्या कागदात काय लिहिलंय ते विचारू शकत नाही, मग बेशिस्त कुठली म्हणायची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगत आयुष्यात आपण पाऊल टाकतो आहोत. त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. लेखकांना देशासाठी कडक वडील हवे आहेत. माझ्या मते बाबासाहेबांचा इशारा नेमका त्याच इच्छेला होता. वडिलांपुढे ‘का’ म्हणायची सोय नसलेल्या घरात वाढलेलं मूल पुढाऱ्यापुढे ‘का’ म्हणेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? वर्गात मी अशी मुलं पाहिली आहेत. उत्तर येत असूनही आधी मास्तरांच्या तोंडाकडे बघायची.

नावात आता आईचं नाव घालून बापाला मागे ढकललं, असाही एक टोला लेखात आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. यात वडिलांचं नाव कुठं खोडलंय? आईचं नाव नव्याने आलंय, इतकंच. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईचं नाव मुलाच्या नावात यायला 2024 साल उजाडावं लागलं, याची खरं तर आपल्या सर्वांना खंत वाटायला हवी.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. त्याला विहिरीजवळचा तुकडा विकून बंगला बांधायचा होता. त्याने बायकोला, मुलाला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला समोर बसवलं, कागद वाचून दाखवले, हिशेब मांडला. मुलगी म्हणाली, “पप्पा, पाणी असलेली जमीन विकायची नाही.” तास-दीड तास वाद झाला, आवाज चढले. जमीन विकली नाही. भाऊ दोन दिवस घुम्यासारखा होता, पण त्याचा मान कमी झाला असं मला कुठं दिसलं नाही. वडिलांची जागा घरात हवीच, माझं त्याबद्दल भांडण नाही. ती अशी असावी. आणि बापाने घरात असावं असं खरंच वाटत असेल, तर लेखकांनी मूल झाल्यावर बापाला मिळणाऱ्या रजेबद्दल लिहावं. 2017 पासून नोकरदार आईला 26 आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर बाप म्हणून 15 दिवस मिळतात आणि खासगी नोकरीतल्या बापासाठी तर कायदाच नाही.

जाता जाता एक तुमच्याबद्दल. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीनंतर तुमच्या जिल्हा पानावर आमच्या भागातल्या एका नव्या महिला सरपंचाची बातमी आली. फोटोत हार सासऱ्यांच्या गळ्यात, बाई कडेला पदर सावरत उभ्या आणि खाली ‘अमुक अण्णांच्या सूनबाई सरपंचपदी’. त्यांचं स्वतःचं नाव चौथ्या ओळीत, तेही चुकीचं छापलेलं. पन्नास टक्के जागा बायकांना दिल्या त्या अण्णांचा सत्कार करायला दिल्या नव्हत्या. तेव्हा फोन केला होता, पुढच्या अंकात दुरुस्ती येईल असं सांगण्यात आलं. ती अजून आलेली नाही. ती छापावी, बाईंचं नाव नीट विचारून घ्यावं, आणि हे पत्र जागेअभावी कापायचंच झालं तर आत्याचा मजकूर तेवढा कापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. सातारा