पूर्व वर असलेला नकाशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्ययुगीन युरोपातल्या नकाशांविषयीचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्या काळी लोक पृथ्वी सपाट समजत, म्हणून नकाशे असे वेडेवाकडे निघाले, हे त्यातले विधान मनाला लागले. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून लिहितो.

पृथ्वी गोल आहे हे तिथल्या शिकलेल्यांना ठाऊक होते. तेराव्या शतकातला साक्रोबोस्को या विद्वानाचा गोलाविषयीचा ग्रंथ तर विद्यापीठांत शिकवला जाई. खलाशांजवळ होकायंत्राच्या आधाराने काढलेले, किनारे बऱ्यापैकी बरोबर दाखवणारे नकाशेही त्याच शतकात आले. मग चर्चमधले नकाशे असे का?

इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथीड्रलचा नकाशा बघा. साधारण १३०० सालचा, वासराच्या एकाच कातड्यावर काढलेला, दीड मीटरहून उंच. मधोमध जेरुसलेम, माथ्यावर बायबलमधली आदम-हव्वेची एदेन बाग, ब्रिटन पार खाली डाव्या कडेला. तांबडा समुद्र लाल रंगवलाय आणि इस्राएली लोक पार गेले ती वाट त्यात मोकळी सोडलीय. बायबलमधल्याच कथांतले नोहाचे तारू आहे, बाबेलचा बुरूज आहे. जगाच्या आरंभापासूनची हकिगत त्या कातड्यावर जागच्या जागी मांडली आहे. वाट शोधायला तो कुणी काढलाच नव्हता. भारतात एकच पाय असलेला माणूस आहे, तोच पाय डोक्यावर छत्रीसारखा धरलेला. प्लिनीसारख्या रोमन ग्रंथकारांनी लिहून ठेवले, ते नकाशा काढणाऱ्यांनी विश्वासाने उतरवले. खरी चूकही आहे: युरोप आणि आफ्रिका ही नावे सोनेरी अक्षरांत एकमेकांच्या जागी पडली आहेत.

या नकाशात पूर्व वर असते. वर्गात चित्र दाखवले की मुले म्हणत, "गुरुजी, नकाशा आडवा धरलाय." मी त्यांना उगवतीकडे तोंड करून उभे करी आणि उजवा हात पसरायला सांगे. हात दक्षिणेला जाई. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा! दिशेचे नाव ठेवणारा आपला पूर्वज असाच पूर्वेला तोंड करून उभा असणार. मग मुले नकाशा भराभर वाचू लागत.

एक विनंती. पुन्हा या विषयावर छापाल तेव्हा या नकाशाचा डावीकडचा खालचा भाग मोठा करून छापा. तिथे हेरफर्डचे नाव जवळजवळ पुसून गेले आहे. आपले गाव कुठे ते दाखवायला पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथेच बोट टेकवले.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा