‘प्रश्न मला विचारा’ म्हणणाऱ्या काकांना

काका,

पाणी उतरलं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर आज ३९ फुटांच्या खाली आलं, म्हणजे इशारा पातळीच्याही आत. सुतारवाड्याजवळच्या माहेरच्या घरातला गाळ आम्ही चौघांनी खराट्यानं काढला, दोनदा फिनेल टाकलं, आणि आता पायरीवर बसून हे लिहिते आहे. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. "असू दे गं पोरी" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून हे सगळ्यांसमोर.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप २०१९ च्या महापुरानंतरचा. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. ४३ ही धोका पातळी. हे आकडे आमच्या भागातल्या पोरासोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. ग्रुपचं काम एकच, पाण्याची खरी माहिती गल्लीगल्लीत पोचवायची. लग्न होऊन मी राजारामपुरीत आले तरी ॲडमिन राहिले, कारण आईबाबा अजून तिथंच आहेत.

पाऊस लागला की तेच प्रश्न सुरू होतात. पाणी किती? शिरोलीचा रस्ता चालू आहे का? राधानगरी धरणाचे दरवाजे कुणी उघडले? मी उत्तर लिहायचे, खाली दहा मेसेज पडायचे, की पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी 'वर वाचा' लिहायला लागले. तिसऱ्या दिवशी नुसता वर बोट दाखवणारा हात टाकायचे.

काका, हे लिहिताना मला बाबा आठवतात. २०१९ ला ते दुसऱ्या एका ग्रुपवर होते. एका रात्रीत चारदा 'पाणी किती' विचारलं म्हणून त्यांना आधी 'वर वाचा' सांगितलं, मग काढूनच टाकलं. लाईट गेलेली, चष्मा सापडत नव्हता, वर वाचायचं कसं? पहाटेपर्यंत ते जिन्यात टॉर्च घेऊन बसले आणि पाणी कितव्या पायरीला लागलंय ते मोजत राहिले. ज्यांनी त्यांना काढलं त्यांचा राग मी इतकी वर्षं धरला. आणि यंदा तेच दोन शब्द मी लिहीत होते.

मग ती रात्र. पाणी ४५ च्या वर गेलेलं. एकानं साडेदहाच्या सुमाराला तिसऱ्यांदा विचारलं, किती झालं? मी लिहिलं, "तीनदा सांगितलंय, वर बघा." त्यानं लिहिलं, "राजारामपुरीत कोरड्यात बसून आम्हाला शिकवू नका." त्यापुढं जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. आई-बहिणीवरून होतं.

मी स्वयंपाकघरात होते. गॅसवर दूध ठेवलेलं, फोन ओट्यावर. ते वाचलं आणि हात थांबला. दूध उतू जाऊन बर्नर विझला तरी मी फोनकडंच बघत होते. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. सगळे वाचत होते, बोलत कुणीच नव्हतं. माझ्याबरोबरचा एक ॲडमिन त्याच मिनिटाला ग्रुप सोडून गेला. दुसरीनं मला वेगळा मेसेज टाकला, "सेटिंग बदल की, फक्त आपल्यालाच लिहिता येईल असं कर." एकजण म्हणाला, "काढून टाक त्याला, कटकट मिटली." आणि ज्यांना मी लहानपणापासून दादा म्हणते, त्यातल्या एकानं सांगितलं, "मनावर घेऊ नको, आपली भाषाच रांगडी."

नाही काका. रांगडी भाषा मी ऐकत मोठी झाले. "काय मर्दा, जेवलास काय" ही रांगडी भाषा. गंगावेशीतला दूधकट्ट्यावरचा माणूस ओरडून बोलतो आणि पेल्यात वरनं चार घोट जास्त घालतो, तो रांगडेपणा. रात्री अकराला एका बाईला तिच्या आईवरून शिवी देणं याला कोल्हापूरचं नाव कुणी लावू नये. गप्प बसलेल्या दोनशे जणांनी तर अजिबात लावू नये.

आणि मग तुमचा मेसेज आला. तोवर तुम्ही ग्रुपवर फार बोलत नव्हता. पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेले, नदीवरच्या पट्टीवर वर्षानुवर्षं पाणी वाचलेले, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही लिहिलं:

"रात्री ११ वाजता. ४५ फूट २ इंच. वाढ हळू. ज्या भावानं विचारलं त्याला मी फोन करतोय. ताई पहाटेपासून जागी आहे, तिला झोपू द्या. आता उजाडेपर्यंत प्रश्न मला विचारा."

शेवटचे तीन शब्द मी कितीदा वाचले असतील. कुणाची बाजू घेतली नाही, भाषण दिलं नाही, मला 'शांत राहा' म्हणाला नाहीत. माझ्या डोक्यावरचं ओझं उचललं आणि आपल्या डोक्यावर घेतलं. त्यानंतर मला वेगळा मेसेज टाकलात, "दूध पिऊन झोप." दूध उतू गेलेलं तुम्हाला कुठून माहीत असणार. मी ओट्याला टेकून रडले, मग ओटा पुसला आणि खरंच झोपले. चार दिवसांत पहिल्यांदा.

पहाटे उठून मी सगळं वाचून काढलं. रात्रभरात किती जणांनी 'पाणी किती' विचारलं ते मोजायचं सोडून दिलं. एकालाही तुम्ही 'आधीच सांगितलंय' म्हणाला नव्हता. दर वेळी आधी वेळ, मग आकडा, मग वाढ की उतार. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ वाजताचं पाणी दहा वाजता शिळं. विचारणारा तोच प्रश्न विचारतो, पण उत्तर तेच नसतं. मी ज्याला वर वाचायला पाठवत होते, तो वर जाऊन तासाभरापूर्वीचं पाणी वाचणार होता.

आणि प्रत्येकाला एक उलटा प्रश्न. "घर कुठं? २०१९ ला तुमच्या दारात पाणी कुठवर आलेलं?" कुणी म्हणालं जिन्याची तिसरी पायरी, कुणी म्हणालं मीटरच्या पेटीपर्यंत. त्यावरनं तुम्ही सांगत होता, "मग अजून वेळ आहे, पण गाडी वर लाव," किंवा "सामान उचला, वाट बघू नका." लोकांना फूट-इंच नकोच होते काका. आज घरात झोपायचं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

राधानगरीवरून एकजण तावातावानं भांडत होता, अधिकाऱ्यांनी रात्री मुद्दाम दरवाजे सोडले म्हणून. मी असते तर दुपारचा मेसेज पुन्हा चिकटवला असता. तुम्ही रात्री दोन वाजता त्याला नव्यानं लिहिलंत, की ते सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की आपोआप बसतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. माणूस फक्त मोजायला असतो. तो गप्प झाला. पुढच्या प्रश्नात त्यानं तुम्हाला 'काका' म्हटलं होतं.

आता त्या शिवी देणाऱ्याबद्दल. तुम्ही त्याच्याशी काय बोलला ते तुमच्या तोंडून कधीच कळलं नसतं, त्यानंच नंतर माझ्या भावाला सांगितलं. आधी तुम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलंत. तो ड्युटीवर अडकलेला आणि घरी खालच्या मजल्यावर उचलून न्यावं लागणारं माणूस होतं. बाकीचं त्याच्या घरचं आहे, ते इथं नको. तुम्ही तालमीच्या चार पोरांना उठवलंत आणि अर्ध्या तासात ते माणूस माडीवर पोचलं. मग त्याला परत फोन लावून म्हणालात, "तू लिहिलेलं मी ताईला सांगून खोडायला लावणार हाय. पाणी शंभरदा विचार, मी शंभरदा सांगतो. शिवी परत दिलीस तर मात्र मी बोलणार न्हाई."

खरं सांगते, माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. त्यानं माझी माफी मागितलेली नाही आणि तुम्ही "मागायला लावू नको, त्याची त्याला कळू दे" म्हणालात म्हणून मी गप्प आहे. पण तो ग्रुपवर आहे याचं मला बरं वाटतं. मी काढणार होते. बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं. काढलं असतं तर त्या रात्री पोरांना त्याचं दार कळलं नसतं.

काका, मोठं मन मोठ्या गोष्टीत दिसतं असं मला वाटायचं. बोटीतून माणसं काढणारे, ट्रक भरून धान्य आणणारे, त्यांना मी आयुष्यभर नमस्कार करीन. पण सत्तरीतला एक माणूस, गुडघ्याला पट्टा बांधून, वहीत निळ्या पेनानं आकडे लिहीत रात्रभर जागतो आणि चिडलेल्या, घाबरलेल्या, अर्धवट झोपेतल्या अनोळखी लोकांना तेच तेच सांगताना एकदाही आवाज चढवत नाही, हे मी याआधी पाहिलं नव्हतं. शहाणी, शिकलेली, मोठ्या पदावरची कितीतरी माणसं त्या ग्रुपवर होती. त्यांना हे का जमलं नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारणार आहे. पण आज नको, आज तुमचे आभार.

बाबांना तुमचा मेसेज वाचून दाखवला. चष्मा पुसला त्यांनी आणि म्हणाले, "या माणसाला घरी आण." दसऱ्याला तुम्ही यायचं नाही, तुमच्या गुडघ्याला आमचा जिना झेपायचा नाही. सोनं घेऊन आम्हीच येतो, मी, बाबा आणि आई. काकूंना सांगा, स्वयंपाक करू नका, डबा आम्ही आणतो. आणि ती निळ्या पेनाची वही बाबांना बघायला काढून ठेवा.

तुमची,
राजारामपुरीची पोरगी