डग्गा परत मिळाला, काका!

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, तुमचा हिशेब आणखी कुणाच्या कामी यावा म्हणून.

भाच्यानं भेट दिलेलं डेनॉन डीएल-१०३ कार्ट्रिज (सुई असलेली डबी) माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या जुन्या हलक्या टोनआर्मवर, म्हणजे ती डबी तबकडीवर धरणाऱ्या हातावर चढवलं. गळा सुरेख वाजायचा, पण डग्ग्यात दम नव्हता. ज्याला विचारावं तो म्हणे अॅम्प्लिफायर बदला, स्पीकर बदला. तुम्ही मात्र आधी आर्मचं वस्तुमान विचारलंत आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटामागं गणित मांडलंत.

आर्मचं परिणामी वस्तुमान, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं, ८ ग्रॅम, कार्ट्रिज ८.५, स्क्रू १. बेरीज १७.५. तिला कॉम्प्लायन्सनं, म्हणजे सुईच्या दांडीच्या लवचीकतेनं गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि त्यानं १५९ ला भागायचं. आलेला आकडा म्हणजे आर्म-सुईच्या जोडीचा स्वतःचा डोल, हर्ट्‌झमध्ये. कंपनी कॉम्प्लायन्स ५ सांगते तो १०० हर्ट्‌झवरचा. १० हर्ट्‌झला तो दीडपट ते दुप्पट धरायचा. ही मेख मला तरी आधी कुणी सांगितली नव्हती! ८ धरला, उत्तर आलं १३.४. पाहिजे ८ ते १२ च्या आत. त्याखाली गेलं तर वाकड्या तबकडीवर वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा उगाच आतबाहेर करतो, वर गेलं तर डोल ऐकू येणाऱ्या खर्जाकडं सरकतो.

मग वजन वाढवून आकडा खाली आणायला तुमच्याच सांगण्यावरून आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात पितळेची ७ ग्रॅमची पट्टी करून घेतली. तोलली गुजरीत, सराफाच्या काट्यावर. (पितळ बघून सराफाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) हेडशेल (आर्मच्या टोकाची बैठक) आणि कार्ट्रिजच्या मध्ये पट्टी, तिच्या जाडीइतका आर्म वर, मागचं वजन सरकवून सुईचा दाब पुन्हा २.५ ग्रॅम. नवा आकडा ११.४.

भिंती हादरल्या असं काही नाही. पण मनगट डग्ग्यावर घासत सरकतं ते आता कळतं, तानपुऱ्याचा खर्जही गायकाच्या मागं नीट बसतो. देवल क्लबात गाण्याच्या मैफलींना पुढच्या रांगेत बसून कान तयार केलेल्या माणसाला हे कितपत पटेल, ते तुम्हीच येऊन सांगा.

आणि हो, तुमचं नाव काढल्यावर लेथवाल्यानं पैसेच घेतले नाहीत. त्याचा हिशेब तुमच्याकडं.

आपला,
शाहूपुरीतला शेजारी