शेवटचा डोस कुणाच्या तरी ड्यूटीत येणारच

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपारी

चि. सुप्रिया हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे पाचला तू फोनवर रडलीस आणि मी नुसतं "चहा घे, जरा पड" म्हणून फोन ठेवला. तुझे पप्पा शेजारी जागे झाले होते. त्यांच्यासमोर वॉर्डातलं बोलायची मला सवय नाही. ३७ वर्षं नोकरी केली, पण वॉर्ड कधी उंबऱ्याच्या आत आणला नाही. म्हणून कागदावर लिहितेय. मेसेज तू वरवर वाचतेस, हे मला माहीत आहे.

तुझ्या वॉर्डातल्या ज्या बाईंना दुखण्यासाठी मॉर्फिन चालू होतं, त्यांच्याबद्दल तू म्हणालीस, "आई, तीन दहाला मी मॉर्फिन दिलं आणि चार वाजायच्या आत त्या गेल्या. माझ्या हातानं गेल्या."

आधी सिस्टर म्हणून बोलते, आई म्हणून मग. डोस आदल्या पाच दिवसांचाच होता, वाढवलेला नव्हता. देण्याआधी तू श्वास मोजलास, मिनिटाला चौदा. हाक मारल्यावर त्या डोळे उघडत होत्या, कूस बदलताना कण्हत होत्या. ऑर्डर लेखी होती, अँप्युल दुसऱ्या सिस्टरनं बघून सही केली. हे सगळं तूच मला हुंदके देत सांगितलंस, आणि सांगताना काय सांगतेयस ते तुला ऐकू आलं नाही. मॉर्फिन जास्त झालं की माणूस आधी गुंगतं, हाकेला ओ देईनासं होतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि मग श्वास आठाच्या खाली उतरतो. तू पाहिलंस ते वेगळं होतं. भराभर खोल श्वास, मग अर्धा मिनिट काहीच नाही, पुन्हा भराभर. मॉर्फिनचा थेंबही न मिळालेली माणसं मी अशीच जाताना पाहिली आहेत. तो मरणाचा स्वतःचा श्वास आहे.

आणि साधा हिशेब कर. दर चार तासांनी औषध चालू असेल तर दिवसाचे सहा डोस. माणूस जाणार आहे, तर त्यातला एक डोस शेवटचा ठरणारच, आणि तो कुणाच्या तरी ड्यूटीत येणारच. परवा तुझी नाइट होती.

एक मात्र विचारून घे. त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला किडनीचा आकडा, कसं होतं? किडनी थकली की मॉर्फिन अंगात साठत जातं, हातपाय मधेच झटके देतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना डोस कमी करायला किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवायला सांगायचं काम तुझंच आहे, कारण रात्रभर पलंगाजवळ तू असतेस. हे त्या बाईंसाठी नाही, पुढच्यासाठी सांगतेय.

नर्सिंगच्या शपथेचं म्हणालीस. "घातक औषध देणार नाही." मीही हातात दिवा धरून तीच म्हटली आहे, मेण बोटावर सांडून फोड आला होता तेवढं आठवतं. ती शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही बरं का. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर नावाच्या बाईंनी ती तयार केली आणि नाव मात्र नाइटिंगेलबाईंचं दिलं. तिच्यात "जाणूनबुजून" असा शब्द आहे. तो गाळून वाचू नकोस.

आता माझं सांगते. हे पप्पांनाही माहीत नाही.

१९८८ साल, नोकरीचं दुसरं वर्ष. दवाखाना कुठला ते राहू दे. पुरुषांच्या वॉर्डात निपाणीकडचे एक काका होते, जन्म तंबाखूच्या शेतात गेलेला. जबड्याचा कॅन्सर, गालाला आरपार भोक, त्यावर फडकं. दुखायला लागलं की "सिस्टर, लई दुखूलालंय ओ" म्हणून हाका मारायचे. दुखणं दाबणाऱ्या फोर्टविनचं इंजेक्शन सहा तासांनी, आणि त्याचा असर टिकायचा तीनेक तास. उरलेले तीन तास ते हाका मारायचे. एका रात्री वरच्या सिस्टर म्हणाल्या, "सवय लागलीय त्याला. डिस्टिल वॉटर दे." मी दिलं. वीसेक मिनिटं ते खरंच शांत झाले. सिस्टर हसून म्हणाल्या, "बघितलंस? नाटकं." मलाही ते पटलं. तो पुरावा नव्हता हे कळायला मला पुढं दहा वर्षं लागली. कुणीतरी आलं, हात लावला, सुई टोचली, एवढ्यानंही दुखणं घटकाभर दबतं. म्हणून ते खोटं होतं असं होत नाही.

तीन रात्री मी पाणी टोचलं. चौथ्या रात्री त्यांनी हाक मारली नाही. मी राउंडला गेले तर घोंगड्याची कड मुठीत पिळत बसले होते. उशाखालची चंची काढली, तिच्यातून चार घड्या घातलेली दोन रुपयांची नोट काढून माझ्या पुढं धरली. "सिस्टर, चहापाण्याचं द्यायचं राहिलं माझं. खरं औषध असंल तर त्येच द्या."

त्यांना पहिल्या रात्रीच कळलं होतं. आपण पैसे दिले नाहीत म्हणून पाणी मिळतंय, असं त्यांना वाटत होतं.

मी नोट घेतली नाही. औषधही दिलं नाही. ऑर्डर नव्हती, आणि डॉक्टरांना रात्री उठवायची हिंमत नव्हती. ते आठवड्यानं गेले. सुप्रिया, माझ्या डोक्यावर ओझं आहे ते न दिलेल्या औषधाचं आहे. दिलेल्याचं एकही नाही.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८६ साली, जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेची पायऱ्यांची पद्धत छापली होती. जमेल तोवर तोंडानं द्या, घड्याळ बघून द्या, दुखेल तशी पायरी चढा. आमच्या वॉर्डात ते कुणाच्या कानावरही नव्हतं. घड्याळाप्रमाणे डोस असता तर काकांना मागावंच लागलं नसतं. वेळेवर जेवायला वाढायचं नाही आणि मागितलं की हावरा म्हणायचं, तसा प्रकार.

पुढं मी एक गोष्ट शिकले, ती तुमच्या चार्टवर नसेल. शून्य ते दहा सांगा म्हटलं की खेड्यातली म्हातारी माणसं गोंधळतात, आपल्याला खूश करायला काहीतरी आकडा सांगतात. मी आणे विचारायची. "आज्जी, रुपयातलं किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर. आता ती पिढी संपत आली म्हणा. बिड्या वळणाऱ्या एक बाई म्हणाल्या होत्या, "दुखणं बारा आणे. चार आणे पोरीचं घोर." त्या चार आण्यांना माझ्याकडं गोळी नव्हती. पण बसून ऐकलं, त्यांच्या भावाला बोलावून घेतलं, त्या रात्री झोपल्या. लंडनच्या सिसिली सॉन्डर्सबाई, ज्यांनी १९६७ ला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणारं घर, काढलं, त्या आधी नर्सच होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. शरीराचं, मनाचं, घरचं, देवाधर्माचं मिळून एकच दुखणं, असं त्या मांडायच्या. बिडीवालीनं तेच आण्यांत सांगितलं.

शब्दांकडंही कान ठेव. ठणका म्हणाले तर हाड किंवा गळू बघायचं. थांबून थांबून कळ येतेय म्हणाले तर आतडं. आग, भगभग, मुंग्या, वीज चमकल्यासारखं म्हणाले तर शीर दाबली असेल, तिथं नुसतं मॉर्फिन पुरत नाही, जोडीला वेगळी गोळी लागते. तुझ्याकडं धारवाड-गदगची माणसं "ब्यानी" म्हणतील, "उरी" म्हणतील. ब्यानी म्हणजे दुखणं, उरी म्हणजे आग, हे डॉक्टर उत्तरेकडचे असतील तर त्यांना तूच सांगायचं. तुझं कानडी माझ्यापेक्षा कितीतरी बरं आहे, शाळेत त्यावरून रडायचीस ते आता उपयोगी पडतंय.

तुझी आज्जी गेली तेव्हा, २००९ ला, तू लहान होतीस. पोटाचा कॅन्सर. मॉर्फिनच्या गोळ्या आम्हाला जवळपास मिळाल्या नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं एकेका दवाखान्याला इतके परवाने लावले होते की ठेवायला कुणी धजत नसे. तुझ्या काकांनी रात्रीच्या गाडीनं जाऊन पंधरा दिवसांच्या आणल्या. मी द्यायला लागले तर येळ्ळूरच्या आत्याबाई सोप्यात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सून अफू चारूलालीय सासूला." मी काही बोलले नाही. जुलाबाची गोळी न चुकता जोडीला दिली, कारण मॉर्फिननं पोट हमखास बांधलं जातं आणि नवीन पोरी नेमकं तेच विसरतात. तिसऱ्या दिवशी आज्जी उठून बसली आणि स्वतःच्या हातानं आमटी-भात खाल्ला. आत्याबाईंनी बघितलं. नंतरच्या रात्री त्याच मला उठवायच्या, "बाई, गोळीची वेळ झाली गे." २०१४ ला कायदा सुधारला, आता मान्यता मिळालेल्या दवाखान्याला एकाच खात्याची परवानगी पुरते. तुझ्या कपाटात ती अँप्युल आहेत त्यामागं एवढी मोठी गोष्ट आहे. रजिस्टर लिहायचा कंटाळा करू नकोस.

आता जे अवघड आहे ते. नातेवाईक तुला कोपऱ्यात घेऊन म्हणतील, "सिस्टर, सोडवा आता यांना." आपल्या भाषेत हा शब्द दोन्हीकडं चालतो. दुखण्यातून सोडवा, आणि जिवातूनच सोडवा. ऐकल्या ऐकल्या अर्थ लावू नकोस. विचार, "म्हणजे नेमकं काय वाटतं तुम्हाला?" दहातले नऊ जण दुखण्याचंच बोलत असतात, किंवा स्वतःच्या थकव्याचं. एकानं मात्र मला स्वच्छ सांगितलं होतं, दोन अँप्युल एकदम द्या, मी कुणाला बोलणार नाही. मी नाही म्हटलं. तो वाईट माणूस नव्हता, बापाचं पाहवत नव्हतं त्याला. दुखण्याच्या मापानं डोस वाढवणं वेगळं आणि जीव जावा म्हणून देणं वेगळं. दुसरं आपल्या देशात गुन्हा आहे आणि मी ते कायदा नसता तरी केलं नसतं. डॉक्टर तोंडी काही मोठं सांगतील तर म्हण, "सर, लिहून द्या." आवाज न चढवता.

व्हेंटिलेटर काढणं, नवीन नळ्या न घालणं, याचा रस्ता मात्र आता आहे. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो हक्क मानला, २०२३ ला त्यातल्या जाचक अटी सैल केल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं त्यासाठी आदेश काढला. डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, घरच्यांची संमती लागते. माणसानं शुद्धीत असताना लिहून ठेवलं असेल तर नोटरीपुढं सही केलेला कागद चालतो. मी माझा लिहून ठेवलाय, कपाटात एलआयसीच्या फाइलीत आहे. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही.

अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली सिस्टर, आपल्याच राज्यातली, हळदीपूरची. १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन ती अंथरुणाला खिळली, आणि २०१५ ला ती गेली. ४२ वर्षं केईएमच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं आणि अंगाला जखम होऊ दिली नाही. तिला जाऊ द्या म्हणणाऱ्यांच्या विरोधात त्याच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातांना माझा नमस्कार आहे. पण तिला स्वतःला काय हवं होतं, हा प्रश्न मनात आला की मी अजून अडकते. तुला काय वाटतं ते कधीतरी सांग.

जोशी काकूंचा मुलगा बुधवारी बेंगळूरला येतोय. त्याच्याकडं कुंदा आणि मेतकूट देतेय, कुंदा हॉस्टेलवर लगेच वाटून टाकू नकोस.

आणि एक. त्या बाईंची मुलगी खाली जमिनीवर झोपली होती म्हणालीस. आठवड्या-पंधरा दिवसांनी ती वॉर्डात येईल किंवा फोन करेल. बिल, सर्टिफिकेट असं काहीतरी निमित्त असेल, पण तिला विचारायचं असेल की मी झोपले तेव्हा आई काही म्हणाली का. टाळू नकोस. तू ओठ ओले केलेस तेव्हा त्यांनी तुझं बोट धरलं होतं, ते तिला सांग. आणखी काही जोडू नकोस.

तुझी,
आई