डॅकपर्यंत हाय-रेझ पोचते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या खरेदीच्या पानांवर हल्ली हेडफोन-स्पीकरच्या जोडीला डॅकही, म्हणजे डिजिटल गाणे हेडफोन-स्पीकरला वाजवता येईल अशा सिग्नलमध्ये बदलणारे यंत्र, दिसू लागले आहेत. खोक्यावर ‘32 बिट/384 किलोहर्ट्झ’ असे ठळक छापलेले असते आणि परीक्षणातही तोच आकडा जसाच्या तसा उतरवलेला असतो. पण डॅकची झेप कितीही मोठी असली, तरी मागचा फोन किंवा स्ट्रीमर (नेटवरून गाणे घेणारे यंत्र) तेवढे देतो का, याबद्दल चकार शब्द नसतो. पुष्कळदा तो देत नाही. आणि गाणे बिनबोभाट वाजत राहते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

आधी हिशेब मांडू. किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले, हाच ‘दर’; बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई. सीडीचा दर्जा 16 बिट/44.1 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 1411 किलोबिट. त्यावरचे ते हाय-रेझ: न दाबलेल्या 24/96 ला (24 बिट/96 किलोहर्ट्झ) 4608 लागतात, 24/192 ला 9216. ब्लूटूथवरून गाणे पाठवण्याच्या एलडॅक या पद्धतीची कमाल मजल 990 किलोबिटची. तेव्हा जाहिरातीत ‘24/96’ लिहिलेले असले, तरी गाण्याचा काही भाग गाळूनच ते पुढे जाते. आयफोनवरून बिनवायर गाणे पाठवणाऱ्या एअरप्लेवरूनही 24/96 किंवा 24/192 जात नाही. उरतात दोन रस्ते: फोन-लॅपटॉपपासून डॅकपर्यंत वायर, नाहीतर वायफायवर स्वतः गाणे ओढणारा स्ट्रीमर आणि तिथून डॅकपर्यंत वायर.

आयफोनवर काम सोपे आहे. 15 पासून पुढच्या मॉडेलना यूएसबी-सी पोर्ट आहे, साधी डेटा केबल पुरते. जुन्या लाइटनिंगच्या फोनला अ‍ॅपलचा यूएसबी 3 कॅमेरा अडॅप्टर घ्यावा, कारण त्याला चार्जर लावायची वेगळी जागा असते. डॅक जास्त करंट मागू लागला की फोन त्याला झिडकारतो; चार्जर जोडला की बहुधा कुरकुर थांबते. हेडफोनसाठी मिळणारी अ‍ॅपलची छोटी पांढरी शेपटी मात्र या कामाची नाही. तिच्यातच एक डॅक आहे आणि तो 24/48 वर थांबतो. अ‍ॅपल म्युझिकच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ क्वालिटी’त जाऊन लॉसलेस (काहीही न गाळलेले) सुरू करावे आणि वायफाय व डाउनलोडसाठी हाय-रेझ निवडावे. तिथेच डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आवाज देणारे रूप) ‘ऑलवेज ऑन’ राहिले असेल, तर अ‍ॅटमॉसमधली गाणी लॉसलेस न येता 48 किलोहर्ट्झच्या दाबलेल्या रूपात येतात. ही खाच फार जणांच्या नजरेतून सुटते. मोबाइल डेटावर हाय-रेझ लावू नये: तीन मिनिटांचे 24/192 गाणे सुमारे 145 एमबी खाते, म्हणजे दिवसाचा 2 जीबीचा पॅक तेरा-चौदा गाण्यांत आटोपला.

अँड्रॉइडवर खरी गोची आहे. फोनमधले सगळे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि तो बहुधा सगळ्यांना 48 किलोहर्ट्झवर आणतो. गाणे 192 चे असो वा 44.1 चे, डॅकला 48 च मिळते. अँड्रॉइड 14 पासून यूएसबी डॅकला मूळ बिट जसेच्या तसे देण्याची सोय आली. पण ती फोनच्या कंपनीने ठेवायला हवी आणि अ‍ॅपनेही मागायला हवी. तोवर ‘यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो’सारखे, मिक्सरला वळसा घालणारे अ‍ॅप हाच भरवशाचा उपाय. फोनमध्ये ओटीजीचे (बाहेरचे यूएसबी उपकरण जोडू देणारे) बटण असेल तर ते आधी सुरू करावे. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, हेही बघावे. निम्म्या ‘डॅक बिघडला’ तक्रारींचे मूळ तिथे निघेल.

विंडोज लॅपटॉपवर साउंडच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जो दर निवडलेला असतो, त्यातच सगळी गाणी बदलून जातात. ते टाळायचे तर प्लेअरमध्ये विंडोजच्या मिक्सरला वळसा घालणारे वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एसिओ निवडावे. मॅकवर हाच दर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये सापडतो.

टीव्हीकडून हाय-रेझची अपेक्षा ठेवू नये. अ‍ॅपल टीव्ही 4के सुद्धा 48 च्या वर जात नाही. टीव्हीची ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी) वायर जोडूनही डॅक मुका राहिला, तर टीव्हीच्या डिजिटल ऑडिओत ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ खोडून ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करावे. टीव्ही डॉल्बीचा प्रवाह पाठवत असतो आणि साध्या स्टिरिओ डॅकला तो उलगडत नाही. नवी ऑप्टिकल वायर असेल तर दोन्ही टोकांवरची पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी काढली का, तेही पाहावे. ती इतकी बारीक असते की वायरचाच भाग वाटते.

स्ट्रीमरपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल 24/96 पर्यंत निर्धास्त चालते. 192 ला काही जोड्यांत आवाज तुटतो, टकटक येते किंवा काहीच येत नाही. तेव्हा 75 ओहमची कोएक्स (तांब्याची डिजिटल वायर) वापरावी, नाहीतर स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्ये ऑप्टिकलची मर्यादा 96 वर आणावी. स्ट्रीमरचा आवाज ‘फिक्स्ड’ ठेवून अ‍ॅम्प्लिफायरवर कमी-जास्त करावा. डिजिटल आवाज दर 6 डेसिबल उतरवला की साधारण एक बिट खर्ची पडतो. एका बाबतीत मात्र ऑप्टिकलला तोड नाही. लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांच्या अर्थिंगचे वर्तुळ जुळले की स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो. ऑप्टिकलमध्ये तांबे नसल्याने तो तिथल्या तिथे बंद होतो. त्यासाठी चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर तो जिवावर बेतणारा आहे.

खरे सांगायचे तर चांगल्या सीडी-दर्जाच्या आणि 24/192 च्या गाण्यातला फरक बहुतेक कानांना ओळखू येणार नाही. 44.1 मध्ये 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे येते आणि माणसाचा कान 20 च्या आसपास थांबतो. महागड्या यूएसबी केबलने त्यात भर पडत नाही. पण ग्राहक ज्याचे पैसे मोजतो ते त्याच्या डॅकपर्यंत यायला हवे, आणि ते कळायला पडद्यावरचा ‘हाय-रेझ’चा बिल्ला पुरेसा नाही. डॅकवर दर दाखवणारा आकडा किंवा रंग बदलणारा दिवा असतो, तोच बघावा. 44.1 आणि 96 ची गाणी पाठोपाठ लावूनही तो हलला नाही, तर वाटेत कुणीतरी दर बदलतो आहे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की डॅक किंवा स्ट्रीमरचे परीक्षण छापताना यूएसबी, ऑप्टिकल आणि कोएक्स या प्रत्येक वाटेने प्रत्यक्षात किती दर मिळाला, कोणत्या फोनवर व कोणत्या अ‍ॅपमधून मिळाला आणि डॅकला वेगळा चार्जर लागला का, एवढे एका चौकटीत द्यावे. खोक्यावरचा आकडा वाचकाला दुकानातही वाचता येतो.

आपला,
एक वाचक, ठाणे