एकच सूर, चार घरं

रिओ दि जानेइरो

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "हे बोसा नोव्हावाले गातात की पुटपुटतात?" तेव्हा नुसती हसले, आता या ब्राझीलच्या गाण्याच्या प्रकाराबद्दल नीट सांगते.

बोसा नोव्हाचा गायक-गिटारवादक ज्वांव जिल्बेर्तो, त्याची पहिली गाजलेली तबकडी 1958 सालची. त्याआधी इथे रेडिओवर भरदार, आवाज लावून गायची चाल होती. हा गडी बोलल्यासारखा गायला, सूर न थरथरवता. मला तर वाटतं, हळू गाणंच अवघड. झाकायला जागाच नाही.

त्याची गिटार ऐकताना अंगठ्याकडे कान द्या. सांबा या इथल्या नाचगाण्यातल्या मोठ्या ढोलाचा ठेका तो खालच्या तारांवर धरून असतो, आणि बाकीची बोटं मात्रेच्या मधेमधे पडतात. गळा त्याहून तिसरीकडेच. आता समेवर येईल म्हणून तुम्ही मान हलवायला जाल, तर तो आधीच येऊन गेलेला असतो.

पण खरी गंमत पेटीवर कळेल. तोम जोबीं आणि न्यूटन मेंडोन्सा यांचं 'एका सुराचा सांबा' म्हणून गाणं आहे. करंगळीने पांढरी चार दाबून धरा. अंगठ्याने खाली आधी पांढरी दोन, मग काळी एक, पांढरी एक, आणि शेवटी खालची पांढरी सात. दर वेळी अंगठ्याखालचा सूर षड्ज धरा. वरचा सूर जागचा हललेला नाही, तरी तो आधी कोमल गंधार, मग शुद्ध गंधार, पुढे शुद्ध मध्यम, शेवटी तीव्र मध्यम! आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की षड्ज अढळ. इथे गाणारा सूर धरून बसतो आणि षड्जच पायाखालून सरकतो. (गाण्याचे शब्दही हेच सांगतात: सूर एकच, बाकीचे येतील, पण पाया तोच.)

इथल्या पोर्तुगीज भाषेचं म्हणाल तर 'खंय', 'हंय' म्हणणाऱ्या आपल्या घराला ती जड जाऊ नये. नाकातले स्वर जागोजागी. जोबींच्या नावातही शेवटचा 'म' ओठ मिटून येत नाही, नाकातच विरतो. म्हणून ओळी कुठे तुटत नाहीत. रिओकर शब्दाच्या शेवटच्या 'स' चा 'श' करतात, तोही या गाण्यांत झांजेसारखा वाजतो.

आईला म्हणावं, पेटी काढलीच आहे तर भात्याचं चामडंही बघून घ्या. आणि चार सूर वाजवून झाले की फोन करा. तीव्र मध्यमाशी तुमचं भांडण होणार, हे मला माहीत आहे.

तुमची,
धाकटी